एरंडेलाचा वास आणि कागदाची गाळणी

लंडनच्या नैर्ऋत्येला, वेब्रिज गावाजवळ, १९०७ साली ब्रुकलँड्सचा शर्यतमार्ग खुला झाला. केवळ मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला हा जगातला पहिला मार्ग. लांबी सुमारे पावणेतीन मैल, बांधणी काँक्रीटची आणि वळणे बशीच्या काठासारखी वर उचललेली. त्या काळातल्या शर्यतींविषयी जे काही लिहिले गेले, त्यात वेगाइतकाच एका वासाचा उल्लेख येतो. हा वास पेट्रोलचा किंवा रबराचा नव्हे, तर जळक्या एरंडेलाचा.

आपल्याकडे एरंडेल म्हटले की आजीच्या हातातला चमचा आणि दाबून धरलेले नाक आठवते. फार तर देवघरातला दिवा, नाही तर बैलगाडीच्या आसाला लावायचे वंगण. ताशी शंभर मैलांच्या वेगाशी त्याचा काही संबंध असेल असे कुणाच्या मनात येत नाही. पण वेगवान इंजिनात कोणते तेल ओतावे आणि ते कशाने गाळावे, या प्रश्नाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात एरंडापासूनच करावी लागते. हा प्रश्न गॅरेजमधला वाटतो खरा. मी त्याच्याकडे वळलो तो मात्र रसायनशास्त्राचा विद्यार्थी म्हणून. आणि शोधता शोधता लक्षात आले की या शंभर वर्षांत ‘सर्वांत चांगले तेल’ असे काही कधी नव्हतेच. प्रत्येक काळातल्या इंजिनाचा एक शत्रू होता आणि तेल निवडले जात होते ते त्या शत्रूसाठी. शत्रू बदलला की कालचे अमृत आजचे विष ठरे.

आधी इंजिनात तेल नेमके काय करते ते पाहू. क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा तो धातूवर टेकलेला नसतो. फिरता फिरता तो तेलाला पाचरीसारखे स्वतःच्या खाली ओढतो आणि त्या थरावर तरंगतो. इथे महत्त्व तेलाच्या दाटपणाला. कॅमशाफ्टची गोष्ट वेगळी. कॅमचे टोक टॅपेटवर घासत जाते तेव्हा दाब इतका प्रचंड असतो की तेलाचा थर जवळजवळ पिळून निघतो. उरतो तो धातूला चिकटून बसलेला रेणूंचा पापुद्रा. इथे नुसता दाटपणा कामाचा नाही. तेल धातूला धरून राहणारे हवे. एकाच इंजिनात ही दोन्ही कामे एकच तेल करते, आणि पुढचे बरेचसे वाद या दुहेरी नोकरीतून उद्भवलेले आहेत.

एरंडेल दुसऱ्या कामात निसर्गतःच तरबेज. त्यातल्या मेदाम्लांपैकी सुमारे नव्वद टक्के एकच आम्ल असते, रिसिनोलिक. त्याच्या अठरा कार्बनांच्या साखळीत बाराव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट बसलेला असतो. शेंगदाणा, तीळ, करडई यांच्या तेलांत ही चीज नाही. या गटामुळे एरंडेल दाट होते, धातूला घट्ट बिलगते, आणि याच गटामुळे ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. हा शेवटचा गुण लक्षात ठेवावा. तो पुढे एका महायुद्धात कामी आला.

चार्ल्स चीअर्स वेकफील्ड हा मूळचा व्हॅक्यूम ऑईल या कंपनीतला माणूस. १८९९ मध्ये तो बाहेर पडला आणि त्याने लंडनमध्ये स्वतःचा वंगणांचा व्यवसाय सुरू केला. आधी गिऱ्हाईक मुख्यतः रेल्वे आणि अवजड यंत्रे. मोटारी आणि विमाने आली तेव्हा त्याच्या लक्षात आले की या नव्या इंजिनांना गारठ्यात सुरू होण्याइतके पातळ आणि तापल्यावरही टिकण्याइतके दाट असे तेल हवे आहे. त्याने आपल्या तेलात एरंडेल मिसळले आणि ‘कॅस्टर’वरून १९०९ साली नाव दिले ‘कॅस्ट्रॉल’. हे नाव आपण रोज पेट्रोलपंपावर वाचतो, पण त्यात एरंड दडलेला आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. वेकफील्ड पुढे १९१५-१६ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. त्याला जाहिरातीची जाण मोठी. शर्यती, विक्रम, धाडसी उड्डाणे यांना तो पैसा पुरवी. १९३० साली एमी जॉन्सन एकटी विमानाने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली. तिच्या विमानाच्या खरेदीतही त्याचा वाटा होता. शर्यतीच्या गाडीवर तेलाच्या कंपनीचे नाव रंगवलेले आज दिसते, त्या चालीच्या मुळाशी असलेल्या मोजक्या लोकांत त्याची गणना करावी लागेल.

पण एरंडेलाला खरी मागणी आली ती आकाशातून. फ्रान्समधल्या सेगँ बंधूंनी १९०८ च्या सुमारास ‘नोम’ नावाचे इंजिन तयार केले. ही रचना आज ऐकली तर थट्टा वाटेल: क्रँकशाफ्ट विमानाला पक्का जखडलेला आणि पंखा बसवलेले अख्खे इंजिन, सिलिंडरांसकट, त्याच्याभोवती गरगर फिरते. वजन कमी, वाऱ्याने थंड राहण्याची सोय आपोआप. अडचण एवढीच की पेट्रोल आणि हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरांत जाई. खनिज तेल घातले तर पेट्रोल ते धुऊन काढणार. एरंडेल मात्र पेट्रोलला दाद देत नाही. त्यामुळे पहिल्या महायुद्धात दोस्तांच्या असंख्य विमानांतून, सॉपविथ कॅमलसारख्या नामांकित विमानांतूनही, एरंडेलच वापरले गेले. हे तेल पुन्हा फिरून वापरायचे नव्हते. एका बाजूने आत जाई, दुसरीकडून जळके, अर्धवट जळालेले होऊन बाहेर फेकले जाई आणि मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर येई. एरंडेलाचा औषधी गुण इंजिनातून गेल्यावरही पुरता नाहीसा होत नाही. त्या वैमानिकांच्या पोटाच्या तक्रारी युद्धस्मृतींत हसत-हसत सांगितल्या जातात. उघड्या विमानात, दहा हजार फुटांवर, त्या हसण्यासारख्या खचित नसतील.

इथे आपला संबंध येतो. एरंडीचा सर्वांत मोठा पुरवठादार तेव्हाही हिंदुस्थानच होता. दख्खन, गुजरात, हैदराबाद या भागांतली एरंडी मुंबई बंदरातून इंग्लंड-फ्रान्सला जात असे आणि इंग्लंडमधल्या हलसारख्या बंदरांतल्या घाण्यांत तिचे तेल निघे. कोरडवाहू शेताच्या बांधावर लावायचे, गुरे तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला बरे, असे हे झाड. त्याची बी युद्धसामग्री ठरली. अमेरिका युद्धात उतरल्यावर तिथल्या सरकारने पूर्वेकडून बियाणे मागवले आणि दक्षिणेकडच्या राज्यांत सुमारे एक लाख एकरांवर एरंडाची लागवड करण्याचा घाट घातला. १९१८ च्या त्या पिकावर करड्या बुरशीचा रोग पडला. तोपर्यंत युद्धही संपत आले होते आणि अमेरिकनांनी आपल्या पाण्याने थंड होणाऱ्या लिबर्टी इंजिनासाठी खनिज तेल सिद्ध केले होते. लिबर्टीत क्रँककेसमधून पेट्रोल जात नव्हते, म्हणजे एरंडेलाचा मोठा कैवार घेण्याचे कारणच उरले नव्हते. एक लाख एकरांची ती खटपट शब्दशः एरंडाचे गुऱ्हाळ ठरली.

शर्यतीत मात्र एरंडेल टिकले, ‘कॅस्ट्रॉल आर’च्या रूपाने पुढे कित्येक दशके. कारण इंजिन पूर्ण तापलेले, बेअरिंग जळायच्या बेतात आलेली, अशा क्षणी एरंडेलावर भरवसा ठेवता येई. किंमत नंतर चुकवावी लागे. तापलेले एरंडेल हवेशी संयोग पावून लाखेसारखे होते. पिस्टनच्या रिंगा खाचांत चिकटून बसतात, तेलाच्या बारीक वाटा बुजतात. शर्यत संपली की इंजिन खोलायचे, खरवडायचे, पुन्हा बांधायचे. ज्या संघाला दर आठवड्याला इंजिन खोलायचेच आहे त्याला याचे काही वाटत नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्याला परवडत नाही. शिवाय एरंडेल आणि खनिज तेल नीट मिसळत नाहीत. एकावरून दुसऱ्यावर जायचे तर इंजिन पूर्ण रिकामे करून धुवावे लागे, नाही तर आत गाळाचे गोळे. ‘शर्यतीत जिंकलेले तेल माझ्या गाडीत घाला’ हा मोह तेव्हापासून आहे, आणि त्याचे उत्तरही तेव्हापासून तेच आहे.

आता गाळणीकडे येऊ. पहिल्या पंचवीस वर्षांत मोटारीला तेलाची गाळणी म्हणजे तारेची जाळी, ती खडे-किटाण अडवी, धूळ नव्हे. रस्ते मातीचे, हवा गाळण्याची सोय तुटपुंजी. त्यामुळे पाचशे-हजार मैलांना तेल काढून फेकावे लागे. १९२३ साली कॅलिफोर्नियातल्या अर्नेस्ट स्वीटलंड याने, जॉर्ज ग्रीनहाल याच्या साथीने, मोटारीसाठी खऱ्या अर्थाची गाळणी तयार केली. ‘प्युअर ऑईल लेटर’ या शब्दांची मोडतोड करून तिचे नाव पडले ‘प्युरोलेटर’. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत ती मुळातूनच बसवून येऊ लागली.

ही गाळणी बाजूच्या वाटेवर असे. पंपातून निघालेल्या तेलाचा लहानसा भाग तिच्यातून जाई, बाकीचे सरळ बेअरिंगांकडे. तुंबली तरी इंजिनाचे अडत नसे, पण सगळे तेल स्वच्छ होते असेही नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे सगळेच्या सगळे तेल गाळणीतून जाण्याची पद्धत रूढ होऊ लागली. ती उघडच चांगली. मात्र गाळणी तुंबली किंवा थंडीत तेल घट्ट झाले तर इंजिन उपाशी मरेल. म्हणून गाळणीत एक झडप आली: दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की ती उघडते आणि न गाळलेले तेल पुढे सोडते. म्हणजे कोरडे राहण्यापेक्षा घाण तेल बरे, हा हिशेब. हीच झडप वेगवान गाड्यांच्या हौशी मालकांना गोत्यात आणते. दणकट म्हणून अतिदाट तेल घालायचे, वर जास्त क्षमतेचा पंप बसवायचा आणि थंड इंजिन सुरू करताच ॲक्सिलरेटर दाबायचा, की झडप उघडते. हजारो रुपयांचा फिल्टर लावलेला असतो आणि तेल त्याला वळसा घालून जात असते. ही झडप किती दाबाला उघडावी हे प्रत्येक इंजिनाचे वेगळे असते. १९५० च्या दशकात डब्यासारखे फिरवून बसवायचे फिल्टर आले, आणि ‘आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला’ ही समजूतही त्यांच्याबरोबर आली. आटे जुळणे हा सोयरिकीतला पत्रिका जुळण्यासारखा प्रकार आहे. खरी चौकशी पुढेच असते. इंजिन बंद झाल्यावर तेल मागे ओघळू नये म्हणून आत एक रबरी पडदा असतो. तो साध्या रबराचा असला तर उष्णतेने ताठ होतो, सिलिकोनचा असला तर जास्त टिकतो. कापून पाहिल्याशिवाय हा फरक बाहेरून दिसत नाही.

किती बारीक कण अडवावा यावरही बरेच लिहिले जाते. बेअरिंगमधला तेलाचा थर काही मायक्रॉनांचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. सर्वांत घातक कण तो, जो त्या थराच्या जाडीएवढा आहे: मोठा असेल तर आत शिरत नाही, फार लहान असेल तर निमूट वाहून जातो. पण अतिबारीक गाळणारा कागद तेलाला अडवतोही. शर्यतीच्या गाडीत तेल दर काही तासांनी बदलतात, म्हणून तिथे प्रवाह मोकळा ठेवणारी गाळणी योग्य ठरते. तीच गाळणी वर्षभर दिवे घाट चढणाऱ्या गाडीला लावणे मला पटत नाही.

गाळणी आली त्याच सुमारास तेलाचाही स्वभाव बदलला. १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत रिंगा चिकटण्याचा रोग फार होता. त्यावर इलाज म्हणून कॅलिफोर्नियात तेलात धातूंचे साबण घालून पाहिले गेले, आणि इंजिन आतून धुणारे तेल जन्माला आले. जुने तेल घाण खाली बसू देई. ती चेंबरच्या तळाशी चिखल होऊन राही. नवे तेल घाण अंगावर घेऊन फिरते. म्हणून ते लवकर काळे पडते, आणि काळे पडले म्हणजे खराब झाले असे नव्हे, ते काम करते आहे. पण ज्या जुन्या इंजिनात धड गाळणीच नाही, त्यात हे तेल घातले तर तळाशी निजलेला चिखल उठून बेअरिंगांपर्यंत पोचतो. विंटेज गाड्या बाळगणारी मंडळी आजही न धुणारे साधे तेल शोधत हिंडतात, ते निव्वळ हौसेपायी नव्हे.

दाटपणाची कथा थोडक्यात सांगतो. आपल्या मेस्त्री लोकांच्या तोंडी असलेले ‘चाळीस नंबर’ किंवा ‘वीस-चाळीस’ हे आकडे अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ पासून घडवत आणलेल्या वर्गवारीतले. ‘२०डब्ल्यू-५०’ मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. पहिला आकडा गारठ्यातले वागणे सांगतो, दुसरा शंभर अंश सेल्सिअसवरचे. एकाच तेलाला दोन्ही आकडे मिळतात ते त्यात विरघळवलेल्या लांबलचक पॉलिमरांमुळे. दातेरी चक्रे हे पॉलिमर कातरतात. १९५९ ची मिनी ही त्याची मोठी परीक्षा होती, कारण तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात पोहत. २०डब्ल्यू-५० तेलाचा बोलबाला ब्रिटनमध्ये झाला तो अशा गाड्यांमुळे. उलट टोकाला, बीएमडब्ल्यूच्या २००० ते २००६ दरम्यानच्या एम-३ गाडीच्या इंजिनाला १०डब्ल्यू-६० सारखे दाट तेल लागते आणि आजच्या अनेक गाड्यांना ०डब्ल्यू-२० सारखे पाण्यापातळ. दोन्ही बरोबर आहेत. बेअरिंगमधली फट, पंप, फेऱ्यांची गती हे सगळे त्या तेलाला धरून आखलेले असते. फॉर्म्युला वनची इंजिने तर इतकी घट्ट बसवलेली असतात की सुरू करण्याआधी तेल आणि पाणी बाहेरून तापवून आत फिरवावे लागते.

एरंड मात्र मागच्या दाराने परत आला. जेट इंजिन आले तेव्हा खनिज तेल उपयोगाचे राहिले नाही. उंचावर उणे पन्नास अंशांच्या गारठ्यात ते गोठे आणि आतल्या आचेत करपे. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर इंग्लंड-अमेरिकेत एस्टर जातीची कृत्रिम तेले तयार झाली. त्यांतल्या महत्त्वाच्या एस्टरांना लागणारे सिबॅसिक आम्ल कशापासून बनते? एरंडेलापासून. रिसिनोलिक आम्ल तीव्र क्षाराबरोबर तापवले की तो हायड्रॉक्सिल गट असलेल्या ठिकाणी साखळी तुटते आणि दहा कार्बनांचे हे आम्ल हाती येते. धातूला धरून राहण्याचा गुण एस्टरमध्ये कायम, लाखेसारखे चिकटण्याचा दोष पुष्कळ कमी. हे ज्ञान आकाशातून पुन्हा शर्यतमार्गावर उतरले. फ्रान्सच्या मोट्यूल कंपनीने १९७१ मध्ये एस्टरवर आधारलेले ‘३०० व्ही’ आणले, १९७४ मध्ये दुसऱ्या जातीच्या कृत्रिम द्रवाचे ‘मोबिल वन’ आले.

‘सिंथेटिक’ हा शब्द त्यानंतर इतका विकला गेला की त्याचा अर्थच वादात सापडला. खनिज तेलावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून ते जवळजवळ कृत्रिमाइतके शुद्ध करता येते. त्याला सिंथेटिक म्हणायचे का? मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली आणि १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरातींच्या लवादाने ‘म्हणता येईल’ असा कौल दिला. एरंडाच्या नावावर उभी राहिलेली कंपनी ‘खरे सिंथेटिक कोणते’ या वादात प्रतिवादी असावी, यात मला इतिहासाचा खोडकरपणा दिसतो. गिऱ्हाईकाच्या दृष्टीने अर्थ इतकाच, की डब्यावरचा तो मोठा शब्द वाचून फारसे कळत नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कोणत्या कसोट्या छापल्या आहेत ते वाचावे.

त्या कसोट्यांतही एक मेख आहे. १९४० च्या दशकात जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेले एक संयुग तेलात घालायला सुरुवात झाली. हेतू होता तेल विटू नये हा. पुढे लक्षात आले की कॅम आणि टॅपेट यांच्यामध्ये ते स्वतःच एक काचेसारखा पापुद्रा तयार करते. एरंडेलाने जे काम रेणूच्या घडणीवर केले, ते या संयुगाने स्वतः झिजून केले. पण त्यातला फॉस्फरस धुराड्यातून जाताना धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला मारक ठरतो. म्हणून त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरवण्यात आले. २००४ च्या अमेरिकी ‘एसएम’ प्रतीत पातळ, इंधन वाचवणाऱ्या तेलांसाठी कमाल मर्यादा ०.०८ टक्के. नव्या इंजिनांत टॅपेटला फिरते रूळ असतात, त्यांचे काही बिघडत नाही. जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनांचे बिघडते. म्हणजे सगळ्यांत नवी, सगळ्यांत महाग प्रत त्यांच्यासाठी कमी प्रतीची.

पुण्यातल्या माझ्या एका स्नेह्यांकडे १९६० च्या दशकातली दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे. वडिलांनी घेतलेली, त्यामुळे तिच्या इंजिनाला घरातल्या माणसासारखा मान. दुकानदाराच्या सल्ल्याने त्यांनी दोन वर्षे तिला उंची, पातळ, अगदी आजच्या प्रतीचे तेल घातले. गाडीची ताकद थोडी कमी झाली आणि वरून एक टकटक ऐकू येऊ लागली. टॅपेट जुळवून घेतले, महिन्याभरात पुन्हा टकटक. मेस्त्री इंजिन उतरवायचे म्हणत होते. मी म्हटले, “आधी फिल्टर कापू या.”

करवतीने कापू नये, लोखंडाचा कीस आत पडतो आणि पुरावाच बिघडतो. डबा उघडायच्या कटरने तोंडाभोवती कापला, कागद सोडवला, घड्या उलगडून वर्तमानपत्रावर पसरल्या आणि तेल निथळू दिले. मग उन्हात धरले. बेअरिंगचा धातू असता तर राखाडी किंवा तांबूस चमक दिसली असती आणि चुंबकाने ती उचलली नसती. आम्ही पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला चुंबक घड्यांवरून फिरवला. त्याच्या टोकाला काळी, मऊ मिशी उगवली. पोलादाची बारीक पूड.

“क्रँक शाबूत आहे,” मेस्त्री म्हणाले, “कॅम गेला.”

व्हॉल्व्ह कव्हर काढून त्यांनी डायल गेज लावले. आठांपैकी दोन झडपा इतरांपेक्षा दीड मिलिमीटर कमी उचलल्या जात होत्या. नवा कॅमशाफ्ट आणि टॅपेट इंग्लंडहून यायला सात आठवडे लागले. पहिली वीस मिनिटे इंजिन दोन हजार फेऱ्यांवर फिरवून कॅम बसवला, ते तेल आणि फिल्टर लगेच काढून टाकले. आता तिच्यात जस्त-फॉस्फरस भरपूर असलेले २०डब्ल्यू-५० आहे, रंगाने साधे, डब्यावर मोठे शब्द नसलेले. दर तीन हजार किलोमीटरना फिल्टर उतरतो, कापला जातो, आणि स्नेही त्याच्या घड्या स्वतः उलगडून पाहतात.